गोपनीयता अधिकाऱ्याचं गुपित

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.५०
आजपासून मी आमच्या आरोग्य विमा कंपनीचा गोपनीयता अधिकारी. क्लेम विभागाचा उपव्यवस्थापक आहेच, वर हे. पगार तोच. पण पगाराचं काय घेऊन बसलात, विश्वास महत्त्वाचा. एकवीस वर्षं लोकांच्या आजारांच्या फायली पाहतोय, तोंडातून एक अक्षर बाहेर गेलं नाही. (शेजाऱ्यांच्या मूळव्याधीचं गेलं होतं. ते त्यांच्याच भल्यासाठी.)
संकल्प: घरी ऑफिसचं आणि ऑफिसात घरचं काही बोलायचं नाही. ही डायरी कपाटात, स्वेटरांच्या खाली.

संध्याकाळी ७.१५
घरी बातमी दिली. हिने विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचं असतं. उदाहरण देऊन समजावलं. उदाहरणात साहेबांची साखर निघाली. हरकत नाही, नाव घेतलं नाही, नुसतं 'साहेब' म्हटलं. संकल्प उद्यापासून.

१० मार्च, सोमवार
माझी योजना मंजूर. यापुढे क्लेमच्या फायलीवर पेशंटचं नाव नाही, पत्ता नाही. फक्त क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, आणि आजार. आमच्या डॉक्टरीणबाईंनी (विभागाच्या वैद्यकीय सल्लागार, वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, बोलण्यात बारा वर्षांनी मोठ्या) शंका काढली, की आपल्याच घरच्या कोणाची फाइल आपल्याच टेबलावर आली तर ती बाजूला कशी ठेवणार. मी म्हटलं, ओळखताच येता कामा नये, हाच तर मुद्दा आहे. त्या गप्प बसल्या. मुद्दा पटला की माणसं गप्प बसतात.
मुंगीलाही सांगितलं. मुंगी म्हणजे आमची एकुलती एक. सत्तावीस वर्षांची झाली, श्रवणयंत्रं बसवण्याच्या दवाखान्यात नोकरी करते, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून अजून मुंगीच. तिच्या दवाखान्याचा विमा आमच्याच कंपनीत आहे. म्हटलं, आता आमच्याकडे सख्ख्या बापालाही पोरीची फाइल ओळखता येणार नाही. ती म्हणाली, बरं झालं.

१९ मार्च, बुधवार
ताईचा फोन. मला वाटलं, बढतीबद्दल अभिनंदन करायला. तिच्या छातीत गाठ निघाली आहे. आई जिच्यामुळे गेली तीच.
मी विचारलं, जेवलीस का. सकाळचे साडेनऊ वाजले होते.
ताई एकतीस वर्षं गणित शिकवून रिटायर झाली. तिने सगळं पायऱ्या पायऱ्यांनी सांगितलं. ऑपरेशन करायचं आहे. त्याआधी सर्जनला जेनेटिक टेस्ट हवी आहे, कारण आईलाही तेच होतं. तिने विमाकंपनीत, म्हणजे आमच्याकडे, विचारलं तर टेस्ट बसत नाही म्हणाले. मी म्हटलं, माझ्यावर सोड. मग ती म्हणाली, कोणाला बोलू नकोस. मी म्हटलं, तू कोणाशी बोलते आहेस ते माहीत आहे ना. ती म्हणाली, माहीत आहे म्हणूनच सांगतेय.

२४ मार्च, सोमवार
ताईची टेस्ट मंजूर करून घेतली. नियम असा: नुसतं कळावं म्हणून केलेली टेस्ट आम्ही भरत नाही. तिच्यावरून उपचार ठरणार असतील तर भरतो. तेवढं सर्जनकडून दोन ओळींत लिहून आणायचं. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पत्राचा मजकूरही त्यांनीच सांगितला, फाइल माझ्या बहिणीची म्हणून माझ्याकडून काढून घेतली आणि पासही त्यांनीच केली. पण सर्जनला फोन मी लावला.

३० मार्च, रविवार
कटिंग. न्हाव्याने विचारलं, साहेब गप्प का. मी काही बोललो नाही. फक्त समजा म्हणून एक केस सांगितली. समजा एखाद्याची मोठी बहीण आहे, गणिताची शिक्षिका, नुकतीच रिटायर, आणि समजा तिला असं असं झालं. न्हाव्याची कात्री थांबली. त्याची बायको ताईच्या हाताखाली शिकलेली निघाली.
केस जरा जास्तच बारीक झाले.

२ एप्रिल, बुधवार
ताईला कालपासून बावीस विद्यार्थिनींचे फोन. एक जण फळं घेऊन दारात उभी. ताईने मला फोन केला. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, माझी गाठ पसरली नाहीये अजून, तू मात्र पसरलास.
मी म्हटलं, त्यांचं तुझ्यावर प्रेम आहे. तिने फोन ठेवला.
डॉक्टरीणबाईंनी आज कर्मचाऱ्यांसाठी गोपनीयतेवर माझं भाषण ठेवलं होतं. चाळीस मिनिटं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं लक्ष नव्हतं.

१६ एप्रिल, बुधवार
ताईचा रिपोर्ट आला. एक जीन सदोष आहे. आईकडून आलेला. त्यामुळे ऑपरेशन मोठं होणार. ते ऐकून मी पुन्हा जेवणाचं विचारणार होतो, आवरलं.
मग तिने मला वर्गात उभं केल्यासारखं सांगितलं. आईचा दोष ताईत आला, तसा माझ्यात असण्याची शक्यता निम्मी. माझ्यात असला तर मुंगीत असण्याची शक्यता निम्मी. माझ्यात नसला तर मुंगीचा प्रश्नच मिटला. म्हणून आधी तू तपासून घे. थोडंसं रक्त द्यायचं असतं, तीन आठवड्यांत कळतं.
मी म्हटलं, उद्याच जातो. पुरुषांना तसं काही होत नाही, पण जातो. ताई म्हणाली, पुरुषांनाही होतं आणि मी तुझ्यासाठी सांगत नाहीये.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी १०.४०
उद्या म्हणजे गुरुवार होता, गुरुवारी मीटिंग. शुक्रवारी जाणं बरं नव्हतं, मध्ये शनिवार-रविवार. आज गेलो. काल संध्याकाळपासून उपाशी. लॅबच्या जिन्यात डोळ्यांसमोर अंधारी आली, म्हणून समोरच्या हॉटेलात चहा आणि ब्रेड घेतला. खाल्ल्यावर टेस्ट कशी करणार. परतलो.
दुपारी कळलं, या टेस्टला उपाशी राहावं लागतच नाही. कोणी आधी सांगायला नको का.

२८ एप्रिल, सोमवार
आज पोटभर खाऊन गेलो. लॅबमध्ये बाकावर सात जण. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाचं नाव आणि टेस्टचं नाव, दोन्ही मोठ्याने पुकारत होती. एका गृहस्थांचं नाव आणि लघवी एकाच वाक्यात. मी उठलो. मी गोपनीयता अधिकारी आहे, अशा ठिकाणी रक्त देणं तत्त्वात बसत नाही. जिन्यातून उतरताना पाय अगदी हलके झाले होते. तत्त्वाने माणूस हलका होतो.
घरी हिने विचारलं, झालं का. मी म्हटलं, झालं. म्हणजे जाणं झालं. तिने देवाला हात जोडले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. लहान मुलाने इंजेक्शन घेतल्यावर फिरवतात तसा. मग खुलासा करणं राहून गेलं.

७ मे, बुधवार
ताईचं ऑपरेशन नीट झालं. भेटायला गेलो. दाजी बाहेर बसले होते, त्यांनी विचारलं, तुझं काय. म्हटलं, वाट पाहतोय. हे खरंच आहे. योग्य वेळेची वाट पाहतोय.
पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लॅबमध्ये जाणार. नक्की.

१९ मे, सोमवार. संध्याकाळी
तीन आठवडे झाले. हिने मोजले होते, मी नाही. जेवताना विचारलं, काय आलं. मी म्हटलं, काही नाही.
शब्दशः पाहिलं तर हे खरं आहे. काहीच आलेलं नाही.
पण हिच्या हातातली पळी खाली पडली. मुंगी उठून माझ्या गळ्यात पडली, ती दहावीनंतर कधी गळ्यात पडली नव्हती. हिने लगेच ताईला फोन लावला. ताई फोनवर रडली. आई गेली तेव्हा न रडलेली ताई. म्हणाली, माझं झालं ते झालं, पोर सुटली.
मी हात धुवायला गेलो आणि बराच वेळ धूत बसलो. सांगायचंच होतं. पण सगळे इतके आनंदात होते. आता उद्या गुपचूप टेस्ट करून घेतो. ती निर्दोष आली की आजचं बोलणं मागील तारखेपासून खरं होईल.

२२ मे, गुरुवार
नाही गेलो. समजा सदोष आली तर.
मुंगीने रिपोर्टची प्रत मागितली. तिच्या डॉक्टरणीला दाखवायची आहे म्हणे. मी म्हटलं, वैद्यकीय अहवाल ही खासगी बाब असते, तत्त्व म्हणून मी कोणालाच देत नाही. ती म्हणाली, मी कोणीही आहे का. मी म्हटलं, तत्त्वाला मुलगी नसते. वाक्य बरं जमलं होतं. ती ठीक आहे म्हणाली.

३० मे, शुक्रवार. दुपारी ४
फाइल क्रमांक ४०१७. स्त्री, वय २७. स्वतःच्या जेनेटिक टेस्टसाठी आगाऊ मंजुरी हवी. आजीला तोच आजार, आत्याला तोच, आत्याचा जीन सदोष. वडिलांची टेस्ट निर्दोष, 'तोंडी माहिती, प्रत उपलब्ध नाही'. हुबेहूब आमच्यासारखं घर. जगात किती घरं एकसारखी असतात.
चार मिनिटांत निकाल दिला. शेरा: वडील निर्दोष असल्याने त्यांच्याकडून दोष येणे शक्य नाही. चाचणी अनावश्यक. नामंजूर.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नामंजूर करण्याआधी वडिलांच्या रिपोर्टची प्रत मागवू या. मी स्पष्ट नकार दिला. बापाला न विचारता त्याचा रिपोर्ट मागवणं म्हणजे त्याच्या खासगीपणावर घाला. त्या म्हणाल्या, सर, पोरीचं काय. मी म्हटलं, तिने बापाच्या शब्दावर विश्वास ठेवावा.
त्या अनोळखी माणसासाठी आज मी उभा राहिलो. बरं वाटायला हवं होतं. डोकं दुखतंय.

२३ जून, सोमवार. सकाळी ११.२०
४०१७ परत आली. अपील. त्या मुलीने स्वतःच्या पैशांनी टेस्ट करून घेतली. रिपोर्ट जोडलाय. सदोष. आत्याचाच जीन, तोच दोष. सोबत तिच्या आईचा रिपोर्ट. आई निर्दोष. आणि तिचं पत्र, टाइप केलेलं.
उतरवून ठेवतो. 'मी भरलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी होती. माझ्या वडिलांनी टेस्ट निर्दोष आल्याचं सांगितलं होतं. आता दोष आईकडून आलेला नाही हे स्पष्ट आहे. वडिलांच्या रिपोर्टची प्रत मला मिळू शकली नाही. कृपया याबाबत त्यांच्याशी परस्पर संपर्क करू नये. ते घाबरट आहेत, वाईट नाहीत.'

दुपारी १.३०
संडासात जाऊन बसलो होतो. तिथे विचार करता येईल असं वाटलं. आला नाही.

संध्याकाळी ६
घरी आलो. मुंगी बाल्कनीत कपडे काढत होती. म्हणाली, बाबा, चहा टाकू का. मी हो म्हटलं. प्यालो. हीसुद्धा समोरच बसली होती. हिचाही रिपोर्ट मी पाहिलाय. दोघी गेल्या, रक्त देऊन आल्या, रिपोर्ट आणले, वाचले, आणि घरात मला कसलाही सुगावा लागला नाही. मला वाटत होतं, आमच्या घरात पोटात ठेवणारा मी एकटाच.

२५ जून, बुधवार
सांगता येत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. फाइल गोपनीय. तिच्यातलं वाचलं असं मी घरी म्हटलं तर तो नियमभंग.
हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. डायरी मागे उलटली. तीस मेला मला काही कळलं नव्हतं, असंच मी दोन दिवस स्वतःला सांगतोय. पण 'हुबेहूब आमच्यासारखं घर' हे माझ्याच अक्षरात आहे. चार मिनिटांत निकाल, हेही. इतर कुठल्याही फाइलला मी पाऊण तास लावतो.
कळलं होतं की नव्हतं, मला आता खरंच सांगता येत नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं, एवढं सांगता येतं.

२६ जून, गुरुवार
डॉक्टरीणबाई टेबलाशी आल्या. उभ्यानेच म्हणाल्या, सर, ४०१७ मी घेऊन जाऊ का. मी म्हटलं, का. त्या म्हणाल्या, तुमच्या ताईंची फाइल मीच पास केली होती. जीन तोच आहे, सर. दोषही अक्षरशः तोच. मला तीस मेलाच वाटलं होतं, पण तुम्ही इतक्या ठामपणे बोललात की मला वाटलं, तुमच्याकडे रिपोर्ट असेल.
मी फाइल दिली. त्यांनी ती छातीशी धरली, अक्षरं आत. मला काही सुनावलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

२८ जून, शनिवार
मुंगीच्या दवाखान्यात गेलो. घरी बोलायचं ठरवलं होतं, पण घरी मी कालही ठरवलं होतं. बाकावर बसलो. ती एका आजोबांच्या कानात यंत्र बसवत होती. मग त्यांच्या पाठीमागे जाऊन हळूच म्हणाली, आजोबा, ऐकू येतंय का. ते वळले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.
तिने मला कानाची तपासणी करतात त्या खोलीत नेलं. लहानशी खोली, भिंतींना जाड फोम, दार बंद केलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. ती तिच्या खुर्चीवर बसली, मी पेशंटच्या. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मी पाठ करून गेलो होतो, गोपनीयतेपासून सुरुवात होती. ते सगळं विसरलो. म्हटलं, मी टेस्ट केलीच नाही.
ती म्हणाली, माहीत आहे.
मी म्हटलं, कधीपासून. ती म्हणाली, माझा रिपोर्ट आला त्या दिवशी, आठ दिवस झाले. संशय आधीपासून होता. तुम्हाला ताप आला तर तुम्ही थर्मामीटर सगळ्यांना दाखवत फिरता, बाबा. निर्दोष रिपोर्ट तुम्ही फ्रेम करून लावला असता.
मी म्हटलं, तुझा क्लेम मीच नामंजूर केला. हे तिला माहीत नव्हतं. तिने हातातल्या यंत्राची बॅटरी काढून परत बसवली. म्हणाली, मला वाटलं होतं तिथे कोणीतरी दगड बसलाय.
मग सांगितलं. पुढच्या गुरुवारी पहिलं स्कॅन आहे. मग दर सहा महिन्यांनी. ऑपरेशनचं आत्ताच ठरवायचं नाही. आई सोबत असते. आत्यालाही माहीत आहे. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं, कोणाला बोललो असतो म्हणून का. ती म्हणाली, तेही होतंच. पण तुम्हाला सांगितलं असतं तर आधी तुम्हाला सावरावं लागलं असतं. आणि मला तेव्हा तेवढी ताकद नव्हती.
हे ती रागाने म्हणाली नाही. वेळापत्रक सांगावं तसं म्हणाली.
बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. मी उठलो. दार ढकलायचं की ओढायचं ते कळेना. तिने उघडून दिलं.

२९ जून, रविवार
ताईकडे गेलो. दोन्ही हात अजून वर जात नाहीत तिचे. मी कबूल केलं. ती म्हणाली, गणितात एक पायरी खोटी घातली की खालची सगळी उत्तरं चुकतात, मी तुझ्या उत्तरावर रडले होते. मग म्हणाली, वरच्या कप्प्यातला डबा काढून दे, माझा हात पोहोचत नाही. काढून दिला. आणखी काही काढायचं आहे का विचारलं. नाही म्हणाली.
ही रात्रीपासून माझ्याशी कामापुरतं बोलते. माझ्या लक्षात आलं, ती आठ-दहा दिवस कामापुरतंच बोलत होती. मला वाटलं होतं, घरात शांतता आहे.

३० जून, सोमवार
रक्त दिलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. रिपोर्ट तीन आठवड्यांनी. काय येणार ते घरात सगळ्यांना माहीत आहे, काउंटरवरच्या मुलीलाही अर्ज वाचून कळलं असावं. तिने मला दुसरा कापूस दिला.
गोपनीयता अधिकारी हे पद सोडत असल्याचं साहेबांना कळवलं. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, अख्खं. साहेब म्हणाले, ठीक आहे, आणि फाइलींवर नावं परत सुरू करा म्हणाले.

३ जुलै, गुरुवार. दुपारी १२.४५
सकाळी मुंगीचं स्कॅन होतं. मी येऊ का विचारलं. म्हणाली, आई येतेय, दोघांना आत घेत नाहीत. ऑफिसात आलो.
४०१७ मंजूर व्हायची असेल तर वडिलांची माहिती चुकीची होती, असं वडिलांनी लेखी द्यायला हवं. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला. मी त्यांच्या टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीवर बसलो, जिथे पेशंटचे नातेवाईक बसतात. एकवीस वर्षांत कधी बसलो नव्हतो. ती खुर्ची डगमगते.
फॉर्म आमचाच, मीच तयार केलेला. नाव, नातं, खरी माहिती काय, आधी चुकीची देण्याचं कारण. नाव लिहिलं. नातं लिहिलं. 'माझी टेस्ट झालेली नव्हती. घरी मी झाली असं भासवलं.' बाजूच्या टेबलावरचे दोघे मान खाली घालून काम करत होते, म्हणजे वाचत होते. कारणाचा रकाना एका ओळीचा आहे. फॉर्म तयार करताना मला वाटलं होतं, लोक उगाच पाल्हाळ लावतात. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं, 'घाबरलो.'
खाली सही केली.
डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, फाइलला लावला, शिक्का काढला, आणि कागद पुन्हा माझ्यासमोर सरकवला. म्हणाल्या, सर, तारीख राहिली.